दोनदा दिलेलं पाणी

"चप्पल काढजो भाऊ, अंदर येतानी. थे तिकडं, शेवग्याच्या बुडाशी ठेव. अन् हासू नको. तू काय म्हनशीन, मले मालूम हाय."

"मी कुठं काय म्हनलं, माणिकबाई?"

"म्हनलं नाही, पन तुया तोंडावर दिसून राह्यलं. येशूवाली बाई अन् पानमळ्यात चप्पल काढाले लावते, असंच ना? अकोटच्या पास्टरनं बी इचारलं मले. म्हने, तुमी वेलाले अजून देव मानता का? मी म्हनलं, बापा, मायच्या सैपाकघरात मी कधी चप्पल घालून गेली नाही, म्हनून का मायले देव मानलं? वेलाची मुळी वरच्यावर असते. चपलेनं चेंदते. अन् खरं सांगू का, पायालेच सवय हाय. आता ह्या वयात पायाले कोन बाटवीन?"

माणिकबाई बोलताना हात थांबवत नाही. फागुनाचं ऊन चांगलं वर आलं होतं, पण हिवरखेडच्या शिवारातल्या या पानमळ्यात पांगाऱ्याची आणि शेवरीची सावली होती. आत शिरलं की पानाचा तिखट वास नाकात जातो. ती बसली होती त्या कडेच्या ओळींत मात्र वास कुजका होता. बुडापासून काळे पडलेले वेल ती झाडावरून सोडवत होती. लव्हाळ्याचा बंध विळ्यानं कापायचा, मेलेला वेल ओढायचा, गोळा करून बांधाकडं फेकायचा, की पुढचं झाड.

पलीकडच्या हिरव्या ओळींत तिचा दीर देवानंद दोन मजूर घेऊन वेल उतरवत होता. पानमळ्याचं हे वर्षातलं मोठं काम. वेल चढत चढत झाडाच्या शेंड्याला गेला की पानं बारकी येतात आणि हातही पोचत नाही. मग त्याला जपून खाली घ्यायचा, पानं झडलेला दांडा वेटोळं करून बुडाशीच मातीत पुरायचा, शेंडा तेवढा वर ठेवून पुन्हा झाडाला बांधायचा. पुरलेल्या दांड्याला मुळ्या फुटतात आणि वेल नव्यानं चढतो. घाई केली, दांडा मोडला, की संपलं.

दीर-भावजय एकाच मळ्यात, हाकेच्या अंतरावर. पण मी आल्यापासून दोघं एकमेकांशी एक शब्द बोललेले ऐकले नाहीत.

"हे वेल कोनं मारले, मालूम हाय का तुले?" माणिकबाईनं हातातला काळा दांडा माझ्यापुढं धरला. "म्या मारले."

मग तिनं सांगितलं. काही तिच्या तोंडचं, काही गावाला आधीपासून ठाऊक असलेलं. दोन्ही जोडून मी सांगतो.

तिचा नवरा उत्तमराव म्हणजे पानाचा माणूस. अंगठ्यात पत्र्याची नखी घालून तो पान खुडायचा, आणि ती नखी जेवताना काढायची त्याला आठवण नसायची. सकाळी सगळ्यांच्या आधी मळ्यात जायचा. मोटर सुरू करायची, पाटाचं तोंड उघडायचं, आणि पाण्याच्या पुढं पुढं उघड्या पायानं चालत जायचं. पाणी कुठं अडलं, कुठं साचलं, ते त्याला पायानं कळायचं.

"वेल हाय का नवी सून हाय," तो म्हणायचा. "रोज पानी पाह्यजे. पन पायाशी साचलं, की रुसून बसते. मंग उठत नाही."

भाऊ देवानंद त्याच्या हाताखाली शिकला. मळा दोघांचा, चूल वेगळी, अंगण एक.

मग उत्तमरावच्या किडन्या बसल्या. आठवड्यातून दोनदा अकोल्याला डायलिसिस. पहाटेची एसटी, आत त्याला मशीनला लावलेलं, आणि बाहेर बाकावर माणिकबाई दुपारपर्यंत भिंतीकडं पाहत. एकच पोरगी, ती नवऱ्याच्या मागं सुरतेला. त्या बाकावर तिला पार्बताबाई भेटली. मूळची परतवाड्याकडची, आता अकोटात राहणारी. तिचा ललित आत मशीनवर असायचा. पार्बताबाईच्या डब्यात भाकर नेहमी जास्तीची असायची.

"पहिल्या दिवशी तिनं मायापुढं भाकर ठेवली अन् डोये मिटून बसली," माणिकबाई सांगते. "मले वाटलं, थकली बिचारी, झोप लागली. मी कोपरानं ढोसलं. म्हनलं, बाई, भाकर वाळून राह्यली. तर म्हनते, झोपली नाही वं, बोलून राह्यली. कोनासंग? तर म्हने, येशूसंग. मी म्हनलं, मंग लवकर बोला बाप्पा, मले भूक लागली."

असं महिनोन् महिने चाललं. पार्बताबाई गाणं नाही म्हणायची, उपदेश नाही करायची. भाकर द्यायची, मधूनच येशूची एखादी गोष्ट सांगायची, जशी शेजारणीची सांगावी. मग एका पावसाळ्यात ललित गेला. पुढच्या आठवड्यात माणिकबाई अकोल्याला पोचली तर बाकावर पार्बताबाई बसलेली, मांडीवर डबा.

"मी हबकली. म्हनलं, बाई, तुमचा तर आता आत कोनी नाही. तुमी काहून आल्या? तर म्हनते, घरी बसून काय करू? अन् तू उपाशी येतं. मले राहावलं नाही भाऊ, मी इचारलंच. म्हनलं, पोरगा गेला तवा तुमी त्या येशूले काई म्हनलं नाही? तर म्हनते, शिव्या दिल्या ना. डोकं आपटू आपटू दिल्या. मंग? मंग काई नाही. थ्यानं आयकून घेतल्या. दुसरं कोन आयकते वं? सोयरे तर म्हनतात, गप राह्य."

माणिकबाई म्हणते, आपला विश्वास तिथून सुरू झाला. शिव्या ऐकून घेणारा देव तिनं तोवर पाहिला नव्हता. तिला ठाऊक होते ते सगळे लवकर कोपणारे.

ती रविवारी अकोटला जायला लागली, पार्बताबाईच्या खोलीवरच्या प्रार्थनेला. उत्तमरावनं अडवलं नाही. "जा बाप्पा," म्हणायचा. "पन माया मशीनचा दिवस चुकवू नको. तुया येशूले एसटी थांबवता येत नाही." देवानंद आणि त्याची बायको सुभद्रा यांना ते रुचलं नाही, पण थोरल्या भावापुढं कोण बोलणार?

ती त्याच्यासाठी रोज प्रार्थना करायची. बरं कर म्हणायची. भादव्यात उत्तमराव गेला.

आता पानमळ्याची एक रीत सांगायला पाहिजे. घरात सुतक असलं की त्या घरच्या माणसानं तेरा दिवस मळ्यात पाय टाकायचा नाही. वेल म्हणजे माय, तिला सुतक सोसत नाही असं मानतात. पण वेलाला पाणी तर रोज लागतं. म्हणून शेजारचा शेतकरी येतो, आपल्या चपला काढतो, पाणी देतो, निघून जातो. त्याला सांगावं लागत नाही. निरोप पाठवायचा नाही, मागून उपकार बोलून दाखवायचे नाहीत. उद्या त्याच्या घरी वेळ आली तर आपण जायचं.

त्याप्रमाणं पंजाबराव आला. लागूनच त्याचं कपाशीचं वावर, वय झालेलं, उत्तमरावचा लहानपणापासूनचा दोस्त. रोज दिवस कलला की येऊन मोटर सुरू करायचा.

"मग तुले मालूम नोहतं का, की पंजाबराव पानी देऊन राह्यला?" मी विचारलं.

माणिकबाईनं हातातला विळा खाली ठेवला. त्या सकाळी पहिल्यांदाच.

"मालूम व्हतं. ह्या घरात नांदून म्हातारी झाली मी, मले रीत मालूम नाही का?"

घर बायांनी भरलेलं होतं. येणारी प्रत्येक तिच्या गळ्यात पडायची, रड माय, मोकळी होय, म्हणायची. आणि तिला रडू येत नव्हतं. बाया आपसांत कुजबुजल्या, येशूची झाली ना, डोळ्यातलं पाणी बी आटलं. एका पहाटे ती लोटा घेऊन परसाकडंला म्हणून निघाली. पाय मळ्याकडं वळले. तिनं चप्पल काढली, आत गेली. सुतकाचं मनात आलं, नाही असं नाही. पण पार्बताबाईनं सांगितलं होतं की येशूनं मेलेल्या पोरीचा हात हातात धरला, महारोग्याला हात लावला, आणि त्याला काही विटाळ झाला नाही. मग आपल्याला कसला?

तिनं मोटर सुरू केली. पाटाचं तोंड उघडलं. आणि पाण्याच्या पुढं पुढं चालायला लागली, जसा तो चालायचा.

"माती वलीच व्हती भाऊ. पायाले गार चिखल लागत व्हता. पायाले कळत व्हतं, की ह्या वेलाले पानी नोको. पन थो पान्याचा आवाज... थो त्याइचा आवाज व्हता. तिथं मले रडू आलं. मंग रोजच जाले लागली."

तेरावं होईपर्यंत रोज. संध्याकाळी पंजाबरावचं पाणी, पहाटे माणिकबाईचं. वर भादव्याची दमट हवा. नवरात्रात कडेच्या ओळी पिवळ्या पडल्या. दिवाळीपर्यंत त्यांची बुडं काळी झाली. पान धरलं की दांड्यासकट हातात यायचं. मर लागली होती. कडेपासून अर्धा मळा गेला.

सुभद्रानं तिला पहाटे मळ्यातून येताना एकदा पाहिलं होतं. ते आता बाहेर निघालं. देवानंद अंगणात येऊन उभा राहिला.

"वयनी, सुतकात मळ्यात गेली व्हती का?"

"गेली व्हती."

त्यानं तेवढंच विचारलं आणि तिनं तेवढंच सांगितलं. कशाला गेली होती, काय केलं, हे ना त्यानं विचारलं ना तिच्या तोंडून निघालं.

"मंग झालं," देवानंद म्हणाला. "नागवेल माय कोपली. तू कोनत्या बी देवाले जाय, मी कधी अडवलं नाही. पन माया भावाचा जीव ज्या मळ्यात व्हता, तिथं तू सुतकाचे पाय घेऊन गेली. आता पुन्हा पाय नको टाकू तिथं."

देवानंद काही वाईट माणूस नाही. तिच्या वाट्याची पानं तो तिच्या दारात आणून ठेवायचा, ज्वारीचं पोतं आपण होऊन उतरवायचा. फक्त मळा बंद. ती लोकांच्या वावरात मेथी-सांभार, म्हणजे कोथिंबीर, काढायला जायला लागली. येता-जाता मळ्याभोवतीच्या पऱ्हाटीच्या कुडातून आत डोकवायची. "घरात त्याइचा फोटो हाय," ती मला म्हणाली. "हार घातला, लाइट लावला. पन फोटोत थे बँकेच्या लाइनीत उभे असल्यासारखे दिसतात. माया मानूस तिथं नाही. माया मानूस इथं व्हता. इथून काढलं मले."

गावानं टोमणे मारायचे ते मारले. बाजारात एकीनं विचारलं, "काहून माणिकबाई, येशूनं नवरा नाही वाचवला, वेल तरी वाचवाचे व्हते?" माणिकबाई सांभाराची जुडी बांधत राहिली.

माघात उतरवणीचे दिवस जवळ आले. हाताला हात पाहिजे होते, आणि देवानंदचा रागही थोडा निवला असावा. त्यानं सुभद्राला पाठवलं.

"हे म्हनतात, एक नारळ घेऊन या," सुभद्रा म्हणाली. "वेलाच्या बुडाशी ठेवा, माय, चुकलं म्हना, अन् विषय संपला. उतरवणीले या मंग."

"अन् नाही आनला नारळ तर?"

"एक नारळच तर हाय, जाऊबाई. तुमच्या येशूले कोन सांगाले जाते?"

"त्याले सांगा लागत नाही, हेच तर वांधे हायत ना."

सुभद्रा हसली, तीही हसली. पण माणिकबाईनं नारळ विकत आणला. कोठीवर ठेवला. मळा परत मिळत होता, आणि एका नारळात मिळत होता. गावही म्हणालं, देवानंदनं मन मोठं केलं.

नारळ कोठीवर असतानाच एक दिवस पंजाबराव अंगणात आला. टोपी काढून हातात घेतली, बसला नाही.

"माणिकबाई, एक इचारतो. तुमी खरं सांगा."

"बोला ना भाऊजी."

"लोक देवी कोपली म्हनतात. मी पानमळेवाला नाही, पन एवढं कळते मले. पानी जास्त झालं की वेल सडते. त्या तेरा दिवसांत पानी म्या देल्लं. आता डोयाले कमी दिसते, सांजच्या पहरी तर दिसतच नाही. मायाच अंदाज चुकला असन. उत्तमचा मळा माया हातानं गेला, नाही का?"

"अन् तू काय म्हनली?" मी विचारलं.

"बसा, चहा ठेवतो म्हनलं. थ्यानं चहा पेला. कप स्वतः विसळला अन् गेला."

त्या रविवारी ती अकोटला गेली. प्रार्थना झाली, लोक गेले, ही जागची हलली नाही. पार्बताबाई चूल पेटवत होती.

"बाई, नारळ फोडला तर येशू टाकून देईन का मले?"

"मले काय इचारतं? फोडाचा तर फोड," पार्बताबाई म्हणाली. "मी का तुयी सासू हाओ? पन एक सांग. नारळ कोनासाठी फोडतं? वेलासाठी, देवानंदासाठी, का आडोशाले?"

"आडोसा कशाचा?"

"थे तुले मालूम. पहिल्यापासून पाहून राह्यली मी. काईतरी गियलं हाय तू."

तेव्हा माणिकबाईनं ते पहिल्यांदा तोंडाबाहेर काढलं. वली माती, पाटाचं पाणी, पंजाबरावचा विसळलेला कप. वेल देवीनं मारले नाहीत, पंजाबरावनं मारले नाहीत. ज्याची हयात पानमळ्यात गेली त्याच्या बायकोनं मारले, माहीत असून मारले. नारळ ठेवला तर सगळं देवीच्या नावावर जाईल, आणि तो म्हातारा आपल्या हातांकडं पाहत मरेल.

पार्बताबाईनं ऐकून घेतलं. चुलीतला धूर डोळ्यांत जात होता म्हणून तिनं पदरानं डोळे पुसले.

"येशूचा एक दोस्त व्हता," ती म्हणाली. "मच्छी धरणारा, पेत्र त्याचं नाव. येशूले धरून नेलं तवा लोकाइनं याले इचारलं, तू त्याच्यातला का? थो म्हने, मी ओयखत बी नाही. असं ऐन टायमावर. मंग खूप रडला. पुढं येशू मरून उठला अन् तयाच्या काठावर त्याले भेटला. काय केलं असन थ्यानं?"

"झाडला असन चांगला."

"विस्तव पेटवून ठेवला व्हता. वर मच्छी भाजून राह्यला व्हता. म्हनला, या, आधी जेवून घ्या. बोलनं मंग काढलं."

"मच्छी? आमच्यात कोनी खात नाही."

"मंग तुयासाठी पिठलं करीन थो. त्याले काय येत नाही?"

माणिकबाई रडता रडता हसली. पण जाताना उंबऱ्यात थांबली. "बाई, धन्याले बरं कर म्हनून मी किती मागतलं. नाही देल्लं. आता हे बी सांगितल्यावर मळा नाही भेटला तर?"

पार्बताबाईनं चुलीतलं लाकूड आत सारलं. मग म्हणाली, "मी बी ललितले मागतलं व्हतं. नाही भेटला, तर नाही भेटला, माणिक. पन थो तुयासंग कुडाबाहेर उभा राहीन. एवढं मले मालूम हाय. ह्याच्याऊपर मले मालूम नाही."

एसटीत बसताना ती दिलासा घेऊन निघाली का? मी विचारलं तर म्हणते, "दिलासा कशाचा, देवानंदाले कसं सांगू, थेच घोकून राह्यली व्हती."

घरी पोचली तेव्हा देवानंद न्हाणीपाशी पाय धूत होता. तिनं उभ्या उभ्या सांगितलं. सुभद्रा दारात होती, तिच्यादेखत. पंजाबभाऊचा काही दोष नाही. देवीचंही काही नाही. संध्याकाळी पाणी झालेलं असताना पहाटे मी परत पाणी सोडत होते. रोज.

देवानंदनं लोटा खाली ठेवला.

"रोज?"

"हो."

"वली माती दिसली नाही तुले?"

"दिसली."

"येशूनं पानी मोजाची अक्कल नाही देल्ली का तुले?"

"नाही देल्ली," ती म्हणाली.

तो ओरडेल असं तिला वाटलं होतं. तो ओरडला नाही.

"मी कुडाबाहेर उभा राहात व्हतो, वयनी. पंजाबभाऊ पानी सोडे, तवा. आत पाय टाकता येत नोहता. तिथं उभं राहून पान्याचा आवाज आयके अन् घरी ये. दादासाठी मले मळ्यात रडाचं व्हतं. सुतक व्हतं म्हनून मी नाही गेलो. अन् तू अंदर..."

त्यानं लोटा लाथाडला, तो घरंगळत तुळशीपाशी गेला. देवानंद तसाच ओल्या पायांनी बाहेर निघून गेला.

ती तिथून पंजाबरावकडं गेली. त्यालाही सांगितलं. म्हातारा ओट्यावर बसला, काठी आडवी धरून.

"मंग मी नाही?"

"तुमी नाही, भाऊजी. मी."

"उतरवणी आली तरी नीट झोपलो नाही वं बाई मी," तो म्हणाला. आणि काठी उभी करून, तिच्याकडं न पाहता, "जाय आता. घरी जाय."

माफ केलं असं कोणी म्हणालं नाही. सुभद्रानं बोलणं टाकलं. देवानंद तर अंगणात समोर आला की मान वळवायचा. नारळाचं काय झालं, मी विचारलं. "चटणी केली," माणिकबाई म्हणाली. "सुभद्राच्या पोराइनं खाल्ली. त्याइले कोन सांगन, का कशाची हाय?"

उतरवणी सुरू झाली त्या सकाळी ती मळ्याच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली. बोलावणं नव्हतं. नारळ नव्हता. मजूर आत गेले, देवानंद गेला. ऊन चढायला लागलं तरी ती उभीच. मनात येशूला म्हणाली, आता बाई म्हनली व्हती ना, तू कुडाबाहेर उभा राहशीन म्हनून, मंग राह्य.

बऱ्याच वेळानं आतून देवानंदचा आवाज आला. पाठ तिच्याकडंच होती.

"चप्पल काढली का?"

"काढली."

"मंग ये. कडच्या ओळी उपटाच्या हायत. थ्या तुयाकडं."

म्हणजे मेलेल्या. जित्या वेलाला तिचा हात लावू द्यायला तो तयार नव्हता. कदाचित पुढच्या वर्षी लावू देईल, कदाचित नाही. तिनं विळा मागितला. त्यानं तिच्या हातात न देता बांधावर ठेवला. तिनं उचलला.

आता हे सगळं सांगून होईपर्यंत दुपार झाली होती. पलीकडं देवानंद मजुरांबरोबर पांगाऱ्याखाली जेवायला बसला. इकडं कोणी हाक मारली नाही. माणिकबाईनं आपलं फडकं सोडलं, ज्वारीची भाकर, ठेचा, कांदा. अर्धी भाकर माझ्यापुढं ठेवली आणि डोळे मिटले. बराच वेळ मिटलेले. ओठ हलत होते, कपाळावर आठी होती.

"बोलून झालं का?" मी विचारलं. "भाकर वाळून राह्यली."

"झालं." तिनं डोळे उघडले. "आज शिव्याच देल्ल्या."

"काहून?"

तिनं शेजारच्या झाडावरचा बंध मला दाखवला. वाळलेल्या लव्हाळ्याची बारीक गाठ, दोन वेढे आणि टोक आत खोचलेलं.

"हे गाठ पाह्य. सगळ्याइची गाठ अशी नसते. हे त्याइची हाय. मशीनवरून आले की दुसऱ्या दिवशी हात थरथरत, तरी ह्या ओळी स्वतःच बांधल्या. म्हने, देवानंदाची गाठ ढिली राह्यते. आता हे कापल्याबिगर वेल निघत नाही. एकेक कापून राह्यली मी सकाळपासून. अजून तेवढी ओळ बाकी हाय."

मी कांदा फोडून अर्धा तिच्यापुढं सरकवला.

"बरं वाटते का म्हनशीन, तर नाही वाटत," ती म्हणाली. "पन लपा लागत नाही आता. अन् ह्या ओळीत मी एकटी नाही. थ्याच्यासमोर रडता बी येते, भांडता बी येते. तेवढ्यावर चाललं हाय मायं."

भाकर संपली. तिनं फडकं झटकून कमरेला खोचलं, पाणी प्यायली. पलीकडं देवानंद उठला होता. त्यानं एक हिरवा वेल दोन्ही हातांवर तोलून खाली घ्यायला सुरुवात केली. माणिकबाईनं तिकडं एकदा पाहिलं. मग विळा घेतला, पुढच्या झाडापाशी बसली, गाठ चिमटीत धरली, अंगठा तिच्यावरून फिरवला आणि कापली.